निंबाला कुणी हिंग घातला?

कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं मी निंबाच्या खोडावर ठोकलं. आवाज आला तो रिकाम्या कणगीवर थाप मारल्यासारखा. मागं घरधनी वासुदेवराव उभे होते. ते लगेच म्हणाले, "पाह्यलं, मुकादम? पोखरला न आतून? हिंग घातला त्यानं."

'त्यानं' म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानं, नारायणरावानं. पिंपळगाव राजा या गावात या दोघा भावांची घरं एकमेकांना लागून, अंगण एकच, आणि अंगणात हा आजोबांच्या हातचा निंब. शेंडा वाळलेला, अर्ध्या फांद्या उघड्या, आणि सगळा तोल नारायणरावाच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलारू, घरावर. आपल्याकडे लोकांची पक्की समजूत आहे की बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग भरला की कसलंही दांडगं झाड वठतं. फांद्या ज्याच्या छपरावर, हिंग त्यानंच घातला असणार, असा थोरल्याचा सरळ हिशेब होता.

ही गोष्ट नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आसपासची. मी तेव्हा खामगावच्या एका वखारीवर मुकादम होतो. वखार म्हणजे लाकडाचा डेपो. माझी ड्युटी अशी की कुणाच्या घराजवळचं झाड धोक्याचं झालं, तर जाऊन पाहायचं. नुसत्या छाटणीवर भागतं का, की झाड काढावंच लागतं, हे ठरवायचं. शेतातलं झाड पाडायला फार अक्कल लागत नाही, कुठंही पडलं तरी चालतं. अंगणातल्या झाडाला पडायला जागाच नसते. ते पाडत नाहीत, शेंड्यापासून खाली तुकड्यातुकड्यानं उतरवतात.

पण वासुदेवरावांना झाड उतरवण्याची घाई नव्हती. त्यांना मी साक्षीदार म्हणून हवा होतो. मी खोड तपासावं आणि गावातल्या चार माणसांसमोर सांगावं की हिंग निघाला. नारायणरावाच्या लेकीचं, मंदाचं, लग्न तोंडावर आलं होतं. मांडव याच अंगणात पडायचा. आणि या मोठ्या काकानं जाहीर करून टाकलं होतं की झाडाला मारणाऱ्याच्या दारी मी अक्षता टाकायला जाणार नाही. लग्न उरकलं की मधून भिंत घालायची, हेही त्यांनी ठरवलं होतं. माझ्या एका शब्दावर एक घर तुटणार होतं. असली कामं मला मुळीच आवडत नाहीत. झाडाचं काय ते विचारा, भाऊबंदकी मला विचारू नका.

त्यांनी मला पुरावा दाखवला. धाकट्याच्या बाजूला खोडावर बारीक भोकं होती आणि त्यातून पिवळसर भुकटी गळत होती. मी चिमूट उचलून त्यांच्या नाकापुढं धरली. म्हटलं, घ्या वास. हिंगाचा वास काय लपून राहतो? हा भुंगेऱ्यानं कोरलेल्या लाकडाचा भुसा आहे. आजारी झाडालाच हा भुंगेरा लागतो, म्हणजे आजार आधीचा. त्यावर ते म्हणाले की हिंग जुना असेल, वास उडून गेला असेल. कपाळ माझं!

मग मी बुंध्याकडं वळलो. बुंध्याभोवती कमरेइतका उंच दगडी ओटा होता, आत काळी माती ठासून भरलेली, वर सारवलेलं. एका कोपऱ्यात पणती. मी म्हटलं, हा ओटा एका बाजूनं उकलावा लागेल, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. वासुदेवरावांचा चेहरा उतरला. ओटा त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या, सुरेशच्या नावाचा होता. मॅट्रिकच्या वर्षाला मुलगा तापानं गेला. तो या झाडाखाली अभ्यासाला बसायचा, म्हणून बापानं स्वतः दगड वाहून ओटा बांधला. आणि त्याची आई, कौसल्याबाई, रोज सकाळी आंघोळ झाली की त्या ओट्यात घागरभर पाणी घालायची. पावसाळा असो की हिवाळा, एक दिवस खंड नाही. शेवटी तेच म्हणाले, "उकला. पन हळू."

मी स्वतः दगड काढले. गड्याला हात लावू दिला नाही.

वैशाख चालू होता. गावातली जमीन भेगाळलेली. आणि ओट्यातली माती मात्र काढल्यावर हाताला गार, चिकट लागली. खालपर्यंत गेलो तर कुबट वास आला. बुंध्याची साल बोटानं ओढली तशी ओल्या पोत्यासारखी सुटून हातात आली. आतलं लाकूड काळंठिक्कर. बोट आत जात होतं.

इथं थोडं समजावून सांगतो. मुळांची साल मातीत राहायला केलेली असते, खोडाची नाही. खोडाला वारा लागतो. त्याच्याभोवती मातीची भर घातली की साल घुसमटते. त्यात आपली काळी माती, तिच्यातून पाणी लवकर निथरत नाही. रोज पाणी पडलं की साल कायम ओली, मग कुजते, मग बुरशी आत शिरते. शेंडा वाळलेला दिसतो तोवर खालचं काम संपलेलं असतं. निंबासारखं चिवट झाड म्हणून इतकी वर्षं उभं होतं. दुसरं असतं तर कधीच आडवं झालं असतं.

म्हणजे नारायणराव सुटला. पण हे मोठ्यानं सांगायची पंचाईत होती. कारण मग झाड कुणी मारलं, हे वेगळं सांगायची गरजच उरत नव्हती. ओटा बापानं बांधला आणि पाणी आईनं घातलं. दोघांनीही मायेनंच. मी म्हटलं, "वासुदेवराव, वाळवी आहे. वाळवीनं खाल्लं."

"वायवी उगीच लागते काय? हिंगानं झाड खचलं, मंग वायवी आली. असंच सांगा पंचायले."

म्हणजे माझ्या खोट्याचाही त्यांनी हिंगच केला. आता गप्प बसलो असतो तर मंदाच्या मांडवात काका नसता आणि नारायणरावाच्या कपाळी तो डाग कायमचा राहिला असता. माझं डोकं फिरलं. मी त्यांना ओढूनच बुंध्याशी बसवलं, त्यांचा हात कुजलेल्या सालीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. माती, पाणी, साल, बुरशी. कुणाचं नाव घेतलं नाही. तशी गरजही नव्हती.

त्यांनी सालीवरचा हात काढून घेतला. मी मान वर केली तर दारात कौसल्याबाई उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही.

"म्हंजे पान्यानं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं बोलायचा प्रयत्न एकदा करून झाला होता. त्यांनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या.

झाड ठेवणं शक्य नव्हतं. मृगाच्या आधी वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं, त्यात ते थेट नारायणरावाच्या घरावर गेलं असतं. बुंधा कुजलेला, म्हणून वर चढणाऱ्याच्या जिवाची भीती. आमचा रहीमभाई अंगानं हलका, तोच चढला. आधी मोटेच्या नाड्यानं खोड दोन्ही बाजूंनी ताणून बांधलं. मग प्रत्येक फांदी कापण्यापूर्वी दोरानं वरच्या फाट्याला बांधायची, कापली की लोंबू द्यायची आणि सावकाश खाली सोडायची. आम्ही याला 'लोड हातात घेणं' म्हणायचो. काम चालू असताना अंगणात कुणी आलं नाही. एरवी झाड उतरताना पाहायला सगळी गल्ली जमते. दोन्ही घरांची दारं ओढलेली होती. एक कवेलू फुटलं नाही, पण त्याचं कौतुक करायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी वासुदेवराव धाकट्याच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून एवढंच म्हणाले की मांडवाचे बल्ले, लाकडी खांब, माझ्या वावरातून घेऊन जा. नारायणरावानं हो म्हटलं. माफी वगैरे असलं काही आपल्या लोकांत तोंडानं मागत नाहीत. बल्ले दिले म्हणजे झालं. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, एक घर तरी वाचलं.

दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये लाकूड भरत होतो. नारायणराव पहिल्यांदाच माझ्याजवळ आले. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी एका ओंडक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुकादम, काऊन सांगतलं तुमी?"

मी म्हटलं, "अहो, तुमच्यावरचा आळ गेला."

"आळ मी सोसत होतोच न. मले काय मालूम नवतं? रोज डोयानं पाह्यत होतो, ओट्यातून पानी झिरपे ते. बोललो नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तापात सुरेश पानी पानी करत गेला. वैद्यानं पानी बंद सांगतलं होतं, वयनीनं एक घोट देला नाई. पानी देलं नाई म्हून इतकी वर्सं रडल्या. आता पानी देलं म्हून रडतीन."

मी दोर आवळत राहिलो. ते घरात निघून गेले.

मंदाचं लग्न झालं. काकानं अक्षता टाकल्या. कौसल्याबाई मांडवात आल्या नाहीत, असं नंतर रहीमभाईकडून कळलं.

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही, आणि बरोबर केलं असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. एवढं मात्र झालं की अंगणातल्या झाडाभोवती ओटा दिसला आणि झाड हिरवं असलं, तर मी तिथल्या तिथं भांडून सांगतो, ओटा बांधा, पण बुंध्यापासून हातभर सोडून. झाड वठलेलं असलं आणि कुणावर आळ नसला, तर कारण विचारणाऱ्याला म्हणतो, वय झालं होतं.