समोरून फाटलेली पँट

टेलर मास्तरांना आसपासच्या सहा गल्ल्यांतली सगळी चावरी कुत्री ठाऊक होती आणि त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी धडपणे पाहिलेलं नव्हतं. विश्वास बसत नाही ना? मग त्यांच्या दुकानात थोडा वेळ बसायला हवं होतं तुम्ही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला उभा आरसा आणि ‘गुरुवारी नक्की’ या दोन शब्दांवर तीस वर्षं टिकवून धरलेली गिऱ्हाइकं. कुत्र्याने धरलेली पँट घेऊन कोणी आलं की मास्तरांची कळी खुलायची. आधी चष्मा नाकावर, मग हातात टेप. फाटलंय ते पायाच्या टोकापासून किती वर, दातांत अंतर किती, कापड ओढलं गेलं की नुसतंच टोचलं, सगळं मोजून झालं की निकाल. “बेकरीच्या कोपऱ्यावरचं दिसतंय. बुटकं आहे, पण मेल्याला एकदा धरलं की सोडायचं कळत नाही.” गिऱ्हाईक थक्क! कारण ते खरंच बेकरीच्या कोपऱ्यावर चावलेलं असायचं.

निकालामागोमाग प्रवचन यायचं, ते फुकट. “पळायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. हात खाली, अंग जरा तिरकं, आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं. हातात पिशवी असेल तर ती मध्ये धरायची. मग एक एक पाऊल मागे. अहो, तीस वर्षांत समोरून फाटलेली एक पँट आली नाही माझ्याकडे! सगळ्या मागून, पोटरीवर. याचा अर्थ काय? जो पाठ दाखवतो, त्याचीच फाटते.”

एकदा पोस्टमन हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “मास्तर, ज्याची समोरून फाटली असेल तो शिवायला कशाला येईल? तो गेला असेल दवाखान्यात.”

सगळं दुकान हसलं. मास्तरही हसले, पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही. कारण, खोटं कशाला बोला, आपले मास्तर कुत्र्याला जाम घाबरायचे. नुसतं भुंकणं कानावर आलं तरी त्यांचा मशीनवरचा पाय थांबायचा.

हे गुपित फुटलं चार महिन्यांपूर्वी, आणि तेही फक्त एका माणसापुढे. नेमकी ती त्यांची बायको निघाली.

मास्तरांच्या बायकोचा रोजचा एक नेम होता. संध्याकाळी साडेपाचला ती तिच्या ताईकडे जायची, दोन गल्ल्या ओलांडून. ताई कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. ही जाऊन तिचे केस विंचरायची, घट्ट वेणी घालायची, दोघी मिळून सगळ्या जगाची उणीदुणी काढायच्या आणि तासाभराने ही परत. त्या दिवशी मास्तर सहज म्हणून बरोबर निघाले. हातात हात घालून! एवढ्यात एका फाटकातून कुत्रं सुटलं आणि यांच्या दिशेने आलं.

गल्लीला सांगितलेली हकीकत अशी, की मास्तर काठी आणायला धावले आणि तेवढ्यात बाईंचा तोल गेला. खरी हकीकत अशी, की मास्तरांनी बायकोचा हात झटकला आणि पळत सुटले. त्या झटक्याने ती पडली, मनगट मोडलं. कुत्र्याने पडलेल्या बाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तिच्यावरून उडी मारून पळणाऱ्याच्या मागे गेलं, त्याची पँट पोटरीवर धरली, एक हिसका दिला आणि समाधानाने परत फिरलं. म्हणजे मास्तरांचं शास्त्र शंभर टक्के खरं ठरलं, फक्त ते सांगायची सोय उरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर त्यांनी ती राखाडी पँट काढली आणि असा रफू केला, असा रफू केला, की देवालासुद्धा सापडू नये.

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बाई काही उंबरठा ओलांडेना. “आज पाय जड वाटतोय.” “आज वारा फार आहे.” ताई फोनवर रडकुंडीला यायची. शेजारीण केस विंचरते ते जणू शेत नांगरते, म्हणायची. डॉक्टरांनी सुनावलं, की बाई अशाच बसून राहिल्या तर गुडघेही आखडतील. आणि त्या दिवसाबद्दल ती नवऱ्याला एका शब्दाने बोलली नव्हती. चार महिने! भांडली असती तर मास्तर सुटले असते. ती आपली निमूट चहा आणून ठेवायची, आणि मास्तरांचा तो मशीनशेजारी तसाच निवून जायचा.

शेवटी एका संध्याकाळी ते मशीन बंद करून उठले. “चल. ताईचा गाऊन शिवून झालाय. दोघं मिळून देऊन येऊ.”

तिने चपला शोधल्या. दाराबाहेर पडल्यावर मास्तरांनी हात पुढे केला, तर तिने तो धरलाच नाही. ती त्यांच्या मागे गेली आणि पँटचा पट्टा ओवायचा मागचा लूप मुठीत पकडला.

“अगं, हात धर की! लोक काय म्हणतील?”

“हात सुटतो,” ती म्हणाली.

निघाली वरात. पुढे गाऊनची पिशवी छातीशी धरलेले मास्तर, मागे लूप धरलेली बायको. बेकरीवरचं बुटकं झोपलं होतं. बँकेमागचं तिरळं कचऱ्यात गुंतलं होतं. ही तर मास्तरांच्या माहितीतली मंडळी. त्यांना वळसा कसा घालायचा ते त्यांना पाठ होतं. त्यांना धीर यायला लागला. “बघ, घाबरण्यासारखं काही नसतं,” असं ते म्हणालेसुद्धा.

म्हणतात ना, बोलाफुलाला गाठ! छापखान्याच्या बंद शटरसमोर ट्रक उभा होता, त्याच्याखालून एक धूड बाहेर आलं. तपकिरी, रुंद छातीचं, एका डोळ्याभोवती पांढरा डाग. मास्तरांनी मनातल्या मनात तीस वर्षांच्या सगळ्या फाटक्या पँटी चाळल्या. छे! याचा एकही दात त्यांच्या हाताखालून गेलेला नव्हता. पूर्ण अनोळखी. त्याने मान खाली घातली, ओठ वर केला आणि ते गुरगुरलं.

मागे लूप ताणला गेला. मास्तरांचे दोन्ही पाय म्हणत होते, पळ. पोस्टमनचा दवाखाना डोळ्यांपुढे आला. आणि त्याच वेळी त्यांना रस्त्यावर पडलेली बायको दिसली, मनगट पोटाशी धरून त्यांच्याकडे बघणारी. चार महिने ते चित्र हटत नव्हतं. त्यांनी अंग तिरकं केलं, पिशवी मध्ये धरली आणि नजर कुत्र्याच्या पंजांवर ठेवली. आता हळू आवाजात बोलायचं. पण बोलायचं काय? कोणी समोर येऊन उभं राहिलं की जे तीस वर्षं बोलत आले, तेच तोंडातून निघालं.

“या… या ना. सरळ उभे राहा. घाई नाही काही. छाती मोठी आहे तुमची, जरा सैलच ठेवू. लांबी बघतो… झालंच आहे, साहेब, फक्त गुंड्या राहिल्यात. गुरुवारी. गुरुवारी नक्की.”

कुत्र्याने कान टवकारले. एक पाऊल पुढे येऊन पिशवी हुंगली. मास्तरांच्या कपाळावरचा घाम नाकावरून पिशवीवर टपटपत होता, पण आवाज काही चढला नाही. “शिलाईचं काय, आपण घरचेच… गुरुवारी या, देतोच…” कुत्रं थोडा वेळ उभं राहिलं. मग सगळी गिऱ्हाइकं कंटाळून जातात तसं तेही कंटाळलं, वळलं आणि ट्रकखाली जाऊन पडलं.

मास्तर आणि त्यांची बायको एक एक पाऊल मागे गेली, मग पलीकडच्या बाजूने ताईच्या दारात. मास्तर पायरीवरच बसले. आतून ताईचा आवाज आला, “आलीस? आलीस गं बाई?” आणि मग बराच वेळ फक्त फणीचा आवाज येत राहिला. मास्तरांनी तिथेच बसून डोळे पुसले, आणि पुसताना कोणी पाहत नाही ना, तेही बघून घेतलं.

घरी आल्यावर कपडे बदलताना त्यांच्या लक्षात आलं, की मागचा लूप उसवून लोंबतोय. झालं! चष्मा नाकावर. तीच रफू केलेली राखाडी पँट दिव्याखाली धरून ते विजयी आवाजात म्हणाले, “अगं, इकडे ये. हे बघ. मी वळून पळालो असतो तर लूप आडवा पिळला असता. हा सरळ मागे ओढला गेलाय. म्हणजे मी जागचा हललो नाही. पळायला तू निघाली होतीस! ओढत होतीस मला!”

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसली. “निघाले होते,” म्हणाली. “पण तुम्हाला घेऊन.”

मास्तरांच्या हातातली पँट खाली आली. मग ते टेबलाकडे बघत म्हणाले, “त्या दिवशी मी काठी आणायला गेलो नव्हतो.”

“माहीत आहे. रफू छान झालाय. पण या घरात कपडे धुतं कोण?”

तिने त्यांच्या हातातून पँट घेतली आणि सुईत दोरा ओवला. राखाडी पँटला पिवळाधमक दोरा! मास्तर ओरडले, “अगं, राखाडी रीळ तिथेच आहे!” तिने ढिम्म ऐकलं नाही. हे मोठाले, वेडेवाकडे सात टाके घालून लूप पक्का केला, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, “हा उसवायचा नाही. दिसू दे.”

आता दोघं रोज साडेपाचला निघतात, आणि मास्तरांच्या कमरेवर मागे ते पिवळे टाके असतात. परवा पोस्टमनला ते दिसलेच. “काय मास्तर, एवढे कारागीर तुम्ही, आणि हे काय? मागून फाटली वाटतं? कोणतं कुत्रं?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. पूर्वीचे मास्तर असते तर एखादी थाप मारून मोकळे झाले असते. त्यांनी टेप गळ्यात अडकवला आणि सगळं सांगितलं. ट्रकखालचं धूड, गुरुवारचा वायदा, आणि त्याआधीचंही. “बायको रस्त्यात पडलेली, आणि मी बारा पावलं लांब जाऊन थांबलो,” ते म्हणाले.

आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, “चौदा! मी मोजली होती.”