केबल दादाच लावणार

परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. फ्लेक्स आणि बॅनर छापणारे मोठे प्रिंटर आम्ही दुरुस्त करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. जागा इतकी लहान की एक मशीन आत आलं की दोघांपैकी एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, आणि बरीच वर्षं ती भिंत माझ्याच वाट्याला आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी नोकरी शोधत होते तेव्हा दादा म्हणाला होता, नोकरी लागेपर्यंत दुकानात बस. नोकरी काही लागली नाही आणि मी बसले ती बसलेच.

या कामाला वास असतो. शाई धुवायचं सॉल्व्हेंट कपड्यांत, केसांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा उतरतं. वहिनी आमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आणि रोज नाक मुरडते. मला त्या वासाचं काही वाटत नाही. मला राग यायचा तो गिऱ्हाइकांचा. मशीन मी उघडलेलं, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात, कपाळाला काळी शाई माझ्या, आणि माणूस आत येऊन माझ्या डोक्यावरून बघत विचारणार, "भिया नहीं हैं क्या?" भिया म्हणजे दादा. मला साफसफाई करू द्यायचे, नळ्या बदलू द्यायचे, पण केबलची वेळ आली की सगळ्यांचं एकच म्हणणं: ती भियाच लावतील.

ही केबल कागदाच्या पट्टीसारखी चपटी असते. शाई उडवणारा जो भाग, त्याला आम्ही हेड म्हणतो. मशीनमधला सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक तोच. हेड धुऊन परत बसवलं की ही पट्टी त्याच्या बारीक खाचेत अगदी सरळ सरकवावी लागते. जराशी तिरकी गेली किंवा टोकाला शाईचा थेंब राहिला, तर मशीन सुरू करायचं बटण दाबल्याबरोबर हेडही जळतं आणि बोर्डही. मोठा आवाज वगैरे काही होत नाही. नुसता जळका वास येतो, तोवर सगळं संपलेलं असतं. दादाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तो हात धुऊन कोरडे करायचा, श्वास रोखायचा, केबल सरकवायचा आणि मग अंगठ्याचं नख तिच्या कडेवरून फिरवून बघायचा. त्याचा नियमही होता. ज्याने केबल लावली त्यानेच बटण दाबायचं, दुसऱ्याच्या हाताने मशीन जाळायचं नाही.

त्याचा हात कधी थरथरायला लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. चहा तो अर्धाच ग्लास मागवायला लागला, मला वाटलं साखर कमी करतोय. मग उजवा हात सारखा खिशात राहू लागला. शेवटी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं की दाढी करताना रोज कापून घेतात. डॉक्टरांनी त्याला कागदावर नाव लिहायला लावलं, गोल काढायला लावलं, खोलीत चालवून पाहिलं. गोळ्यांनी थोडं आवरेल, म्हणाले, पण हळूहळू वाढत जाणार, बरं होणारं दुखणं नाही हे. काम काय करता, असं त्यांनी विचारलं तर दादा म्हणाला, "दुकान आहे." जसा काही गल्ल्यावर बसून साबण विकतो. मला त्यांना सगळं सांगायचं होतं, ती खाच केवढी असते, ती पट्टी कशी धरावी लागते. घरी येताना त्याने लौंगवाली सेव, म्हणजे लवंगेची शेव, घेतली आणि आमचं सुदामा नगर येईपर्यंत तिच्या दरातल्या चढउताराबद्दल बोलत राहिला.

त्यानंतर प्रत्येक केबलला माझा जीव वरखाली व्हायचा. तो यायच्या आत काम उरकावं म्हणून मी लवकर जाऊ लागले, तर तो माझ्याही आधी येऊन बसू लागला. चहाला पाठवावं, तर म्हणायचा इथेच मागव. गोळी घेतली की काही वेळ हात जरा शांत असतो, हे माझ्या लक्षात आलं. मग मी हातातला स्क्रूड्रायव्हर शोधत बसायचे, पुसलेलं हेड पुन्हा पुसायचे, गोळीचा असर येईपर्यंत वेळ काढायचे. त्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण केबलचं हे काम त्याच्या हातून गेलं तर त्या दुकानात त्याचं काय उरणार होतं? मालक म्हणून त्याला खुर्चीवर बसवायचं? यातून वाट कशी काढावी मला कळत नव्हतं, आणि घरात हा विषय काढायची कोणाची हिंमत नव्हती.

कोचिंगवाल्यांच्या ॲडमिशनचे दिवस होते. भंवरकुआं भागातला एक जुना गिऱ्हाईक लोडिंग रिक्षात मशीन घालून घेऊन आला. त्याच्या बॅनरवर पहिल्या आलेल्या पोरांच्या चेहऱ्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा येत होत्या. मी हेड काढून धुतलं, वाळवलं. मग त्याने मला खुणेने बाहेर बोलावलं.

"दीदी, एक बात बोलूं? बुरा मत मानना," तो खालच्या आवाजात म्हणाला. "केबल आप लगा देना."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसलेले होते. ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला वाटेल ते बोलले. तुम्ही धंदा सुरू केला तेव्हा मशीनला हात लावायला दादाशिवाय कोण आलं होतं, हेही काढलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की त्याचं घर त्या एका मशीनवर चालतं. तो चुकीचं काहीच बोलला नव्हता. म्हणून तर मला इतका राग आला होता.

आत आले तर दादा स्टुलावर बसलेला, चष्मा लावून, हात धुऊन, केबल धरून. आमचं बोलणं त्याने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. केबलचं टोक खाचेशी जायचं, थरथरायचं आणि बाजूला सरकायचं. तो मागे घ्यायचा, पुन्हा न्यायचा. गिऱ्हाईक दारात उभा राहून मोबाईल बघत होता, पण मोबाईलचा स्क्रीन काळा होता. दादा, उठ, एवढंच मला म्हणायचं होतं. शेवटी केबल आत गेली. त्याने कडेवरून नख फिरवलं, थोडा थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बटण तू दाब."

मी टेबललॅम्प ओढून वाकून बघितलं. केबलची डावी कड वर राहिली होती. मी ती काढली, पुसली, सरळ लावली आणि बटण दाबलं. मशीन नेहमीसारखं घरघरत सुरू झालं. दादा मागे जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. मला आनंद झाला नाही. मी त्याचं काहीतरी चोरलं आणि त्यानेच मला दार उघडून दिलं, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो एक टॉर्च विकत घेऊन आला. टेबललॅम्पचा उजेड पुरेसा असतो, तो लॅम्प त्यानेच लावून घेतलेला आहे. तरी मी केबल हातात घेतल्यावर तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, टॉर्च लावली आणि म्हणाला, "मी उजेड धरतो, तुला बराबर दिसेल." उजेडाचा गोल खाचेवर आला आणि थरथरायला लागला. खाच, पट्टी, माझी बोटं, सगळंच हलू लागलं. नुसत्या लॅम्पच्या उजेडात जे स्वच्छ दिसत होतं, तेही दिसेनासं झालं.

"दिसतंय ना?" दादाने विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं, आणि त्याचा हात थांबायची वाट बघत तशीच वाकून राहिले.