मास्तरांचं दुसरं माप

आमच्या घरात चोंबडी म्हणून मीच प्रसिद्ध. त्यामुळे काकांच्या पोटावर नक्की काय आहे, हे विचारायचा आगाऊपणा माझ्याशिवाय कोणी केला नाही. काका शिंपी, गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर काढलं होतं. त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्याभोवती कातडीला चिकटणारी एक चकती आणि चकतीला पिशवी. बघू का, म्हटल्यावर काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सदरा वर केला. पिशवी बदलायचीच होती. आत लालबुंद, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी दिसलं. बोट लावलं तरी दुखत नाही म्हणे. मला किळस वगैरे आली नाही, नवल मात्र फार वाटलं.

दुखत होती ती भोवतालची कातडी. ती सोलवटली होती आणि पंधरा दिवसांपासून पिशवी गळत होती. एकदा तर दुकानात, कापायच्या टेबलाशी, गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर. त्या दिवसापासून काकांनी दुकानाची पायरी चढली नाही. चाळीस वर्षं उभ्यानं कापड कापलेला माणूस खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागला. काकू एकदा म्हणाली, दुखण्यातून वाचला, पण हा माणूस असा बसूनच जायचा. ते मला फार लागलं.

स्टोमा आत बसावा म्हणून चकतीला लागणारं भोक काका स्वतः कापत. कात्री धरायला मला शिकवू नका, असं त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. त्यांनी कापून ठेवलेल्या तीन चकत्या मी एकावर एक ठेवून पाहिल्या. सूतभर फरक नाही. आधी कौतुक वाटलं, मग शंका आली.

"काका, माप कधी घेतलं होतं?"

"ऑपरेशन झालं तेव्हा."

"आणि त्यानंतर?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या शिलाईला नावं ठेवली. मास्तर दुसऱ्यांदा माप घेत नाहीत, ही तर दुकानाची ख्याती. गिऱ्हाइकानं नुसतं कापड पाठवायचं, बाकी सगळं वहीत. त्याच वहीत त्यांनी स्वतःचंही नाव घातलं होतं. पुढे शाईनं, ठसठशीत अक्षरात, पस्तीस मिलिमीटर.

मी हट्टानं त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी गोल भोकांचं एक कार्ड स्टोमावर धरलं. सव्वीस भरलं. ऑपरेशननंतर सूज असते, ती दोनेक महिने उतरत जाते, म्हणून दर आठवड्याला मापायचं असतं, असं त्या म्हणाल्या. भोक स्टोमाहून दोनच मिलिमीटर मोठं हवं. त्याहून मोठं असलं तर उघड्या राहिलेल्या कातडीवर घाण साचते, कातडी जळते, आणि ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही.

"हे मला कोणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही माझ्या कात्रीची धार बघत होतात."

त्यानंतर काका कोमट पाण्यानं जागा धुवायचे, हलकेच टिपून कोरडी करायचे, कार्ड लावायचे आणि मगच कात्री उचलायचे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायचे. दहा-बारा दिवसांत कातडी निवली. मग एका सकाळी ते सदरा घालून दाराशी उभे राहिले. मीही मागोमाग निघाले, राहवतंय कुठलं.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतले कारकून. नेहमीचीच पँट, असं म्हणून त्यांनी कापड टेबलावर ठेवलं. काकांनी वही उघडली, जरा वेळ पाहिली आणि गळ्यातला टेप काढला.

"जरा सरळ उभे राहा."

कारकून गोंधळले. टेप कमरेभोवती आला तसं त्यांनी हळूच पोट सैल सोडलं.

"बरं झालं, मास्तर. बारा वर्षं वरचा हूक उघडा टाकून हिंडतोय. तुम्हाला सांगायचा धीरच होत नव्हता."

काकांचा टेप तसाच राहिला. दुसरा हात सदऱ्यावरून पिशवीपाशी गेला. मला वाटलं, आता रागावतात. ते हसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

"लिही," वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. मी पेन उचललं.

"शाईनं नको. पेन्सिल घे."