कै. नातू, माधव

शनिवार, १६ जून २००७. ठिकाण : गुलटेकडी, मार्केट यार्डाकडून येणाऱ्या रस्त्यावरचं आमच्या कंपनीचं डिझाइन ऑफिस, दुसरा मजला, लायब्ररी. हजर : मी (लायब्रेरियन), डॉक्युमेंटेशनचे जगताप, आयटीच्या वानखेडे आणि नंतर आलेले डिझाइनचे प्रमुख, नातू साहेब.

तारीख आणि हजेरी आधी देते, कारण भुताखेतांच्या या धाग्यावरच्या बऱ्याच अनुभवांत 'एकदा काय झालं' याच्यापुढे पक्कं काही नसतं. मी असलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. अमावास्येला कंपनीच्या गेटवर नारळ फुटतो त्यातलं खोबरं मी खाते, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

कंपनी पंप बनवते. एकेकाळी गिऱ्हाईक नंबर लावून थांबायचं. मग एक्क्याण्णव साल आलं, बाहेरचे पंप आले आणि आमच्याकडे व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, फेऱ्या सुरू झाल्या. एकेक जुना इंजिनियर घरी जायचा आणि त्याच्याबरोबर त्याला माहीत असलेलं सगळं घरी जायचं. पाच-सहा वर्षांनी तोच पंप बिघडला की पुन्हा पहिल्यापासून डोकेफोड. वरच्या लोकांना यावर 'नॉलेज मॅनेजमेंट' हा शब्द सापडला. शब्द सापडला, पैसे सापडले नाहीत. म्हणून वानखेडेंनी एक फुकटचं ओपन सोर्स डिजिटल लायब्ररी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि जुन्या सर्व्हरवर चालू केलं. जुनी ड्रॉइंग्ज, टेस्ट रिपोर्ट, हाताने लिहिलेले हिशेब स्कॅन करायचे, प्रत्येकाला नाव, विषय आणि लेखक लावायचा, म्हणजे कुठल्याही शाखेतून शोधता येतं. सॉफ्टवेअर उत्तम होतं. आजही माझं मत तेच आहे.

नातू साहेबांचं मत वेगळं होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "म्हणजे माझं डोकं तुमच्या स्कॅनरवर पालथं घालायचं आणि उरलेल्या नातूने घरी जायचं. बरोबर ना, मॅडम?"

बरोबरच होतं. त्यांच्या कपाटातले कागद दिवाळीपर्यंत आत आले की त्यांना व्हीआरएसचा कागद द्यायचा, असं ठरलेलं होतं. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तेव्हापासून आमचं बोलणं लेखी. मी मेमो पाठवायची, ते एक फाईल पाठवायचे... तीही रद्दीवाल्याने नाकारली असती अशी. वर चिठ्ठी : 'ज्ञान सोबत जोडले आहे. पोच द्यावी.'

आता मुद्द्याचं. लेखकाचं नाव कसं भरायचं याचा नियम मी घालून दिला होता : आधी आडनाव, मग नाव, श्री., सौ., कै. काही लावायचं नाही. पण जगताप कात्रजच्या पलीकडच्या गावचे, चार पिढ्यांचं शेत सांभाळून नोकरी करणारे. कंपनीच्या संस्थापकांचं नाव नुसतं लिहायला त्यांचा हात धजेना. "गेल्यालं मानूस हाय, मॅडम. नुसतं आडनाव कसं टाकायचं?" त्यांनी जितके लेखक वारले होते त्या सगळ्यांना आदराने 'कै.' लावून टाकलं. परिणाम असा की लेखकांच्या अकारविल्हे यादीत सगळे मृत 'क' खाली एका जागी जमा झाले. ऑफिसने त्या पानाला लगेच 'वैकुंठ' म्हणायला सुरुवात केली. नावं दुरुस्त करायचं काम माझ्या कामांच्या यादीत होतं. मागे पडत होतं.

त्या शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या ऑफिसात, सोमवारच्या रिव्ह्यूसाठी लेखकांची यादी छापायची होती. वानखेडेंनी 'क' उघडला आणि थांबल्या.

"मॅडम, नातू सर वैकुंठात कसे?"

कै. नातू, माधव. खाली त्यांचे तोवर आत आलेले यच्चयावत कागद.

मी जगतापांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते. जित्या माणसाला कै. लावणं हे पाप असतं, म्हणाले, आणि देवाची शपथ घ्यायला लागले. शपथेची गरज नव्हती. त्या सॉफ्टवेअरमध्ये कोण कधी काय बदलतं याची नोंद राहते. वानखेडेंनी ती काढली. नातूंच्या नावात कोणीही बदल केलेला नव्हता. नोंदीप्रमाणे ते अजून 'नातू, माधव'च होते.

ठीक आहे. मी 'कै.' पुसलं, सेव्ह केलं. नाव 'न'मध्ये गेलं. चहा आला. चहा पिऊन पुन्हा पाहिलं तर नाव 'क'मध्ये. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. मग वानखेडेंनी आठवड्यापूर्वीची बॅकअप सीडी लावली. त्या आठवड्यात मी स्वतः 'न' तपासला होता, नातू तिथे होते. सीडीवरून सगळं परत घातलं... कै. नातू, माधव. वानखेडे मूळच्या अमरावतीच्या, एरवी अखंड बोलणाऱ्या. त्या नुसती सीडी पुसत बसल्या.

मी एक प्रयोग केला. माझ्या स्वतःच्या नावामागे कै. लावलं, सेव्ह केलं, पुसलं. पहिल्या फटक्यात गेलं, परत आलं नाही. सॉफ्टवेअरचा दोष असता तर सगळ्यांना सारखा असायला हवा ना? जगताप उठून खिडकीपाशी गेले. त्यानंतर तो दिवसभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि नेमके तेव्हा नातू साहेब आत आले. मी परत पाठवलेल्या फाईलची पानं उलटसुलट लागली होती, त्याची तक्रार घेऊन. स्क्रीन दाराकडे तोंड करून होती.

त्यांनी वाचलं. आता काहीतरी झणझणीत येणार म्हणून मी तयारीत होते. आलं नाही. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि विचारलं, "गुरुवारचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गुरुवारी काय आहे?" मी म्हणाले. त्यांचा रजेचा अर्ज मी पाहिला होता, त्यावर भाचीचं लग्न लिहिलं होतं.

"बायपास आहे माझी. घरात फक्त बायकोला माहीत होतं." मग स्क्रीनकडे बोट न दाखवताच म्हणाले, "कपाट हवं होतं ना तुम्हाला? किल्ली मागायची होती. हे शोभलं नाही, मॅडम."

मी सगळं समजावून सांगायला लागले : नोंद, सीडी, प्रयोग. ते निघून गेले होते.

पुढच्या शुक्रवारी लायब्ररीत फोन आला. नातू वहिनी. ओळख ना पाळख, सरळ म्हणाल्या, "तुमच्या त्या यंत्रात जे लिहिलंय ते आधी पुसा. हे दवाखान्याच्या पायरीवरून परत आलेत." मी म्हटलं, पुसून पाहिलं, जात नाही. "मग यंत्र फोडा," त्या म्हणाल्या आणि फोन आपटला. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष काढणं कठीण आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

नातूंनी ऑपरेशन केलं नाही. दिवाळीला व्हीआरएस घेतली, निरोप समारंभाला आले नाहीत, कपाटाची किल्ली शिपायाबरोबर पाठवली. त्यांचे सगळे कागद आत गेले, एकूण एक 'वैकुंठा'त. मी परदेशी तज्ज्ञांच्या फोरमवर विचारलं, त्यांनी नवी आवृत्ती घाला सांगितलं. मराठी फॉण्टचा दोष असेल, लपलेली स्पेस असेल, सगळं तपासलं. बाकीच्यांची नावं दुरुस्त झाली. वैकुंठात एकटे नातू उरले.

नातू अजून आहेत. सात वर्षं झाली. कात्रजला राहतात, रोज डेअरीपर्यंत चालत जातात, आणि जगताप भेटले की माझी चौकशी करतात : "त्या अजून मेलेल्यांची खानेसुमारी करतात का?"

या वर्षी जुना सर्व्हर अगदीच टेकीला आला. नवं मशीन, नवी आवृत्ती आणि सगळी माहिती उचलून नेणारा प्रोग्राम. चाचणीत मी सगळ्यात आधी 'न' उघडला. नातू, माधव. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आठवड्याने पुन्हा, तिथेच. मला खरोखर आनंद झाला. मी जगतापांना सांगितलं, आणि तिथून ते कात्रजला पोचलं.

दुपारी फोन वाजला.

"ऐकलं की मला वैकुंठातून बाहेर काढताय."

"चूक दुरुस्त करतेय, साहेब. जुना सर्व्हर शुक्रवारी बंद होईल."

"तुम्ही याद्यावाल्या. एक सांगा. ज्या नावापुढे टिक झाली, त्याच्याकडे पुन्हा कोणी जातं का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझ्या नावाची टिक तिथे सात वर्षांपूर्वीच झाली. म्हणून इकडे कोणी फिरकलेलं नाही. हात लावलात तर बघा." फोन ठेवला. कृपा करून वगैरे शब्द या माणसाकडे कधीच नव्हते.

मी हे मानत नाही. ते कसं झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही, वानखेडेंकडे नाही, फोरमवाल्यांकडेही नाही. पण उत्तर नाही म्हणजे नातूंचं खरं, असं होत नाही. तो शुक्रवार गेला. त्यानंतरचेही गेले. नव्या मशीनवर सगळं सुरळीत चालू आहे, आणि कोपऱ्यात जुना सर्व्हर पंखा खरखरवत एकाच नावासाठी वीज खातो आहे. आयटीचे नवे मॅनेजर दर सोमवारी विचारतात, मी दर सोमवारी म्हणते, या आठवड्यात करते.

काल कामांची नवी यादी करताना ती ओळ पुन्हा खाली उतरवली. जुना सर्व्हर बंद करणे.