स्वालबार्डच्या शेवाळात नलिनीचे जलअस्वल शोधताना

निवृत्तीनंतर माझ्या परिचयातील बहुतेक मंडळी काशी, रामेश्वर किंवा दुबई करून आली. मी गेल्या जुलैमध्ये उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड बेटांवर शेवाळ गोळा करण्यास गेलो. नाशिक रोडच्या एका छापखान्यात छापील कागद भिंगाखाली तपासण्यात माझी नोकरी संपली. शेवाळाशी माझा संबंध पत्नीमुळेच.

नलिनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असे. टार्डिग्रेड, म्हणजेच जलअस्वल, हा तिच्या अभ्यासाचा विषय. आठ पायांचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा हा प्राणी शेवाळात राहतो. शेवाळ वाळले की तो आक्रसून कित्येक वर्षे निपचित पडून राहतो आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागतो. दोन वर्षांपूर्वी ती एवा या पोलिश संशोधिकेबरोबर स्वालबार्डला गेली होती. तिथल्या शेवाळात तिला असे एक जलअस्वल सापडले, जे कोणत्याही ज्ञात जातीशी जुळेना. परंतु एका प्राण्यावर नवी जात जाहीर करता येत नाही. आणखी प्राणी हवेत, आणि मुख्य म्हणजे अंडे हवे, कारण अनेक जातींचा निवाडा अंड्यावरील नक्षीवरूनच होतो. एवाने स्वतःकडील शेवाळ तपासून संपवले. उरलेले नलिनीने खाकी पुड्यांत बांधून घरी आणले. ते तपासण्यापूर्वीच ती आजारी पडली आणि गेली.

काही महिन्यांनी एवाने त्या पुड्या मागितल्या. मी कपाट उघडले, तर ते रिकामे. मखमलाबादला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने तेराव्यानंतर घर धुऊन काढले होते.

"आक्का, इथल्या पुड्या कुठे आहेत?"

"ती वाळलेली पत्री? पूजेची म्हणून कचऱ्यात नाय टाकली बाबा. नलूच्या फुलांसंगं गंगेत सोडली."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. पत्री नव्हे, ते शेवाळ होते आणि त्यात सूक्ष्म प्राणी होते, असे मी सांगितले. ती म्हणाली, "जित्राबं होती तर बरंच झालं की. पाण्यात गेली."

हे सारे मी एवाला कळविले. तिचे उत्तर दोन ओळींचे होते. ती जुलैमध्ये त्याच दरीत जाणार होती, शेवाळ घेण्याची परवानगी तिच्याजवळ होती, आणि पुड्या वाहून नेण्यास तिला माणूस हवा होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, परंतु वाट नॉर्वेतून जाते. त्यामुळे दोनदा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा घ्यावा. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत मोटारीने गेलो. कसारा घाटात वाहने खोळंबतात, म्हणून वेळ हाताशी ठेवावा. पुढे ओस्लो, ट्रॉम्सो आणि स्वालबार्डचे मुख्य गाव लॉन्गइयरब्येन. खर्च भरपूर येतो. तिथे एका वाडगाभर सूपला जे मोजावे लागते, त्यात नाशकात दोघांचे सणाचे जेवण होते. मी थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट नेले होते. अतिथिगृहात सामायिक स्वयंपाकघर असल्याने शाकाहारी माणसाची सोय होते. पहिल्या दिवशी सवयीने दोन थालीपिठे लावली आणि दुसरे कोणाला द्यावे ते सुचेना.

गाव छोटे आहे. एकही झाड नाही. दरवाजाशी पादत्राणे काढून आत जाण्याची रीत मात्र आपल्यासारखीच आहे. कोळसा खाणींच्या काळापासून ती चालत आली आहे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. खोलीतील जाड पडदा ओढला तरी कडेने उजेड येई आणि मी पलंगाच्या एकाच बाजूला निजलेला स्वतःला दिसे.

दुसऱ्या दिवशी दरीत गेलो. ध्रुवीय अस्वलांच्या भयामुळे गावाबाहेर बंदुकीवाचून जाता येत नाही. देवळाली कॅम्पातील तोफांचे आवाज ऐकत मी मोठा झालो. पण शेवाळ वेचणाऱ्या बाईच्या खांद्यावर बंदूक प्रथमच पाहिली. एवा म्हणाली, "मोठ्या अस्वलासाठी बंदूक, लहान अस्वलासाठी चाकू. अदलाबदल करू नका."

एका ओहोळाकाठी ती थांबली. "नलिनी इथे बसली होती. माझ्यावर रागावली होती. मी फार मोठे तुकडे कापते, असे तिचे म्हणणे."

"घरी भाजी चिरतानाही ती मला हेच सांगे," मी म्हणालो.

मी गुडघे टेकले. शेवाळ ओल्या पायपुसण्यासारखे लागले. आम्ही लहान लहान तुकडे कापून कागदी पुड्यांत भरले.

प्रयोगशाळेत शेवाळ पाण्यात भिजवतात, पिळतात, आणि ते पाणी बारीक चाळणीतून गाळून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. एवाने मला दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर बसविले. मी मोठ्या आशेने तिला हाक मारली. ती वाकली.

"परागकण."

पुन्हा हाक मारली.

"तोही परागकण. देवरे, छापखान्यात तुम्ही किती चांगले कागद नापास केलेत?"

एवाला तिच्या बशीत आधी प्राणी सापडले, त्याच जातीचे. मी पाहिले. बारीक नख्यांनी वाळूचा कण धरून एक जलअस्वल सावकाश पुढे सरकत होते. एवा काचपट्टी तयार करू लागली.

"हा मरणार?"

"हो. काचेखाली गेल्याशिवाय त्याला नाव मिळत नाही."

अंडे आणखी दोन दिवसांनी मिळाले. गोल, आणि त्यावर उपड्या पेल्यांची रांग. मी हाक मारली, तेव्हा एवा उठेना. म्हणाली, परागकण असेल. मग आली, आणि बराच वेळ तिने डोळा काढला नाही. जुन्या नोंदींशी सारे ताडून पाहण्यात पुढचे दिवस गेले. जात नवीच होती.

"याला नलिनीचे नाव द्यावे," मी म्हणालो. एवढ्याचसाठी मी आलो होतो.

एवाने खुर्ची वळविली. "देता येईल. पण मग लेखकांतून तिला वगळावे लागेल. आमच्यात कोणी स्वतःचे नाव प्राण्याला देत नाही. एक तर प्राण्याचे नाव तिचे होईल, नाही तर जात तिने शोधली असे प्राण्याच्या नावापुढे लिहिले जाईल. तुम्ही तिचे पती. तुम्ही सांगा."

मी खिडकीशी उभा राहिलो. प्राण्याला तिचे नाव मिळाले असते, तर नातेवाइकांना सांगणे सोपे होते. परंतु मग तिचा फक्त सन्मान झाला असता. काम दुसऱ्याचे ठरले असते.

"काम तिचे आहे," मी म्हणालो. "तिला लेखक ठेवा. प्राण्याला या दरीचे नाव द्या."

एवाने मसुदा पडद्यावर आणला. दरीवरून घेतलेले नाव, आणि त्यापुढे दोन आडनावे. एक एवाचे, दुसरे खैरनार. नलिनी लग्नानंतरही शोधनिबंधांवर माहेरचेच आडनाव लिहीत असे, हे मला ठाऊक होते. इतकेच की त्या जागी कायमचे काय राहणार, याचा विचार मी केला नव्हता. मी 'देवरे' म्हटले असते, तर एवाने बदलले असते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलेही. मी मान हलवली. तिने ते तसेच ठेवले.

परतल्यावर आक्काने पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हणजे आपलं आडनाव नाय का त्यात?"

"नाही."

"मंग पेढे खैरनारांच्या घरी दे."

ते मला पटले. सटाण्याच्या बसने नलिनीच्या माहेरी गेलो. तिच्या आई पडवीत कांदे निवडत बसल्या होत्या. मुलगी गेल्यापासून आमचे बोलणे फारसे झाले नव्हते. मी पेढे ठेवले, पाया पडलो आणि सगळे सांगितले. शेवाळ, अंडे, नावापुढचे खैरनार. त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला नाही.

"डोयाले दिखस का?" त्यांनी विचारले.

"नाही. डोळ्यांनी दिसत नाही."

"पन शे ना?"

मी आयुष्यात कधी अहिराणी बोललो नव्हतो. 'आहे'ऐवजी 'शे' म्हणायला मला शिकवण्याचे नलिनीने फार प्रयत्न केले होते.

"शे," मी म्हणालो.