अणुभट्टीचं गॅस्केट आणि माझ्याच कारखान्यातलं कुलूप

भारत सोडून स्थायिक झालो त्या देशात, कापेलमधल्या माझ्या कारखान्यात, गॅस्केटं होतात. पाइपांच्या जोडात बसणाऱ्या, गळती थांबवणाऱ्या रबरी चकत्या. बोटींसाठी आणि डेअऱ्यांसाठी बारा वर्षं तेच केलं. मग एका कंपनीची माणसं आली. पार उत्तरेला, बर्फातल्या लष्करी तळासाठी त्यांना कंटेनरएवढी अणुभट्टी बांधायची होती. तिथं विजेसाठी डिझेल विमानानं न्यावं लागतं, आणि वादळात विमान उतरत नाही. उणे पन्नासलाही न तडकणारं गॅस्केट त्यांना हवं होतं. तसं रबराचं मिश्रण मी दोन वर्षं खपून बसवलेलं होतं.

भावावर अडलं. तुम्हाला अणुभट्टीचा अनुभव नाही, दर कमी करा, म्हणाले. मी ठणकावलं, माझा भाऊ भारतात अणुवीज केंद्रात इंजिनिअर आहे, मला अनुभव सांगू नका. त्यांनी घासाघीस सोडली. भाव माझाच राहिला.

पुढे सुरक्षा तपासणीचा फॉर्म आला. भावंडांचा रकाना मी रिकामा सोडला, कारण सख्खं कोणीच नाही. इंजिनिअर आहे तो काकांचा मुलगा. आम्ही एका ताटात जेवून वाढलो.

चौकशीला आलेल्या बाईंनी कंपनीच्या बैठकीची नोंद आणि माझा फॉर्म शेजारी ठेवले. "कंपनीला भाऊ आहे म्हणालात. इथं नाही म्हणता."

"आमच्यात चुलतभाऊ वेगळा मोजत नाहीत."

"मग फॉर्मवर का वेगळा मोजलात?"

मी भडकलो. भारताचा पासपोर्ट बदलून इथला दिलात तेव्हा माझं सगळं खानदान तपासलंत, आता परत काय काढता, असं म्हणून टेबलावर हात आपटला. बाईंनी तेही लिहून घेतलं. घरी बायको म्हणाली, "बढाई मारायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मला सुरक्षा मंजुरी मिळाली नाही. कंपनीवाले ऑर्डर मात्र देतो म्हणाले, अट एवढीच की ते काम बंद खोलीत होईल आणि मी आत जाणार नाही. दोन महिने घासाघीस केली. त्या खोलीच्या भिंतीचा खर्च त्यांच्या गळ्यात मारला; माझ्यासाठी दार काही उघडलं नाही. नकार दिला असता तर कारखान्यातली अकरा माणसं कामावाचून घरी बसली असती. सही केली.

आत जातो माझा फोरमन, इथंच जन्मलेला. कामाला आला तेव्हा त्याला रबराची जाडीही मोजता येत नव्हती. परवा तो तडकलेलं गॅस्केट कपड्यात गुंडाळून बाहेर आला आणि नवं मिश्रण मागू लागला.

"किती थंडीत तडकलं?"

"सांगता येत नाही."

"मिश्रण माझं आहे."

"माहीत आहे. तूच शिकवलंस मला." त्यानं नजर खाली घातली. "विचारू नकोस, खोटं बोलावं लागेल."

त्या थंडीत माणसं त्या भट्टीच्या भरवशावर राहणार. मी अंदाजानं तीन वेगवेगळी मिश्रणं करून त्याच्या हातात दिली. तो आत गेला, कुलूप लागलं. तिन्हींतलं कुठलं टिकलं, की एकही नाही, ते मला अजून कळलेलं नाही.