क्रुसाजवळचे अकरा पाटे

नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नाताळला आलो की आजोबांना फुलं कुठे वाहायची? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

साथीच्या दिवसांत आजोबांना इस्पितळातून परस्पर विद्युतदाहिनीत नेलं. अंधेरीतल्या आपल्या गावठाणातली अकरा माणसं अशीच गेली. चर्चमागच्या कबरस्तानात त्यांच्यापैकी कुणाचीही कबर नाही. म्हणून आम्ही बायकांनी ठरवलं, त्यांची खूण क्रुसाजवळच्या मोकळ्या जागेत, येण्याजाण्याच्या वाटेवरच उभी करायची.

अकराही घरांनी आपापला मसाला वाटायचा पाटा दिला. मिक्सर आल्यापासून ते मोरीत पडून होते. पाट्याचं वरचं टोक निमुळतं असतं. उभा केला की थडग्याचा दगडच वाटतो. पूर्वी आमच्या पाट्यांना टाकी लावायला घाटकोपरहून एक बाई यायची. तिलाच बोलावलं. तिने गुळगुळीत झालेले सगळे दगड पुन्हा खरखरीत केले आणि ते रोवायला जमिनीत खड्डे घेतले.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्या सवयीने मी आडनावांप्रमाणे अकारविल्हे यादी केली आणि पाट्यांवर खडूने क्रमांक टाकले. बाजूच्या घरातली माझी मैत्रीण यादी पाहून म्हणाली, "मेल्यावर पण हजेरी घेतेस काय गं त्यांची? तुझ्या म्हाताऱ्याच्या बाजूला कोण राहायचं? माझाच ना? मग तिथेच लाव त्याला."

मी खडू पुसला. घरं ज्या ओळीने आहेत त्याच ओळीने पाटे उभे राहिले. नावं कोरायची गरज उरली नाही. पुढे मसाला कुटायचं जुनं लाकडी उखळ ठेवलं.

शेजारच्या टॉवरवाल्यांना तिथूनच गाड्यांचा रस्ता हवा होता. गेल्या मे महिन्यात त्यांचा साहेब दगड हलवायला येणार असल्याचं कळलं. आमचे मसाल्याचे दिवस चालूच होते. त्या सकाळी आम्ही मिरच्या आणि मुसळं घेऊन थेट उखळापाशी जाऊन बसलो.

साहेब दोन मजूर घेऊन आला. "मॅडम, दगड चर्चच्या हॉलमध्ये व्यवस्थित ठेवू. वर संगमरवरी पाटी देऊ."

"जागा तुमची असल्याचा कागद दाखवा," मी म्हणाले.

"कागद ऑफिसात आहे."

"बोलत काय बसलीस, कूट," मैत्रीण म्हणाली.

मुसळं पडत राहिली. मिरची उडाली तसा साहेब शिंकायला लागला. "पाच मिनिटं थांबवा ना हे."

"मसाला मधेच सोडत नाहीत रे. तू रुमाल लाव नाकाला," मैत्रीण म्हणाली.

एका मजुराने पाट्याला पहार लावली आणि मला विचारलं, "हे कोण?"

"माझा नवरा."

त्याने पहार काढून घेतली. साहेबाने दुसऱ्याकडे पाहिलं. तो डोळे पुसत केव्हाच रस्त्यापलीकडे गेला होता. मग साहेबही गेला.

आता टॉवरचा नवा नकाशा आला आहे. त्यातही रस्ता तिथूनच काढला आहे. आम्ही येत्या मे महिन्याच्या मिरच्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.

तर फुलं घेऊन क्रुसाजवळ या. अकराही पाटे जागच्या जागी आहेत. आजोबांचा डावीकडून चौथा.